फोमचे हरीण आणि बाणाची आतली वाट : एका थ्रीडी टार्गेटचे परीक्षण

पूर्णाकृती फोमचे हरीण, ज्याला खेळाडूंच्या बोलण्यात थ्रीडी टार्गेट म्हणतात, ते गोंदिया जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण धनुर्विद्या केंद्रावर उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. गोल कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्या मुलामुलींना अंतराचा अंदाज यावा, चढ-उतारावर उभे राहून बाण सोडता यावा आणि कोनाचे भान यावे, या हेतूने ते घेतले. लक्ष्य अमेरिकी बनावटीचे आहे आणि मुळात तिकडे धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांच्या सरावासाठी घडवलेले आहे. त्यामुळे त्याची पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. खेळाच्या सरावाला ते किती उपयोगी पडते, हा पहिला. बाण हरणाच्या शरीरात नेमका कोठे लागावा आणि लागल्यानंतर ते हरीण कसे शोधावे, हे ज्ञान ते किती खरेपणाने देते, हा दुसरा. पहिल्या बाबतीत मी समाधानी आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र सोबत आलेली पुस्तिका लक्ष्यापेक्षा सरस आहे, आणि लक्ष्याच्या अंगावर कोरलेली वर्तुळे एका फार महत्त्वाच्या ठिकाणी दिशाभूल करतात.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. आमचे केंद्र नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात आहे. धानाच्या बांध्यांमध्ये चितळांचे कळप उतरतात आणि रानडुकरांचा त्रास तर बारमाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी घातली आहे, आणि या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर जखमी करणे, पकडणे, सापळा लावणे, पिटाळणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे येते. येथे शिकारीविषयी जे लिहिले आहे ते ज्या देशांत ती परवान्याने आणि हंगामात चालते त्या देशांतील पद्धतीचे वर्णन आहे. लक्ष्य मैदानावर उभे राहिल्यावर थोड्याच दिवसांत वनरक्षक येऊन चौकशी करून गेले, आणि ती चौकशी रास्त होती. केंद्रावर बाणांना फक्त सरावाचे बिनपात्याचे पॉइंट म्हणजे टोके लावली जातात, पात्यांचे टोक म्हणजे ब्रॉडहेड येथे आणण्यास मनाई आहे, हे आम्ही नोंदवहीत लिहून त्यांना दाखवले. ज्या कोणाला असे लक्ष्य जंगलालगतच्या गावात उभे करायचे असेल त्याने वनविभागाला आधीच कळवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता वस्तूविषयी. लक्ष्य चार भागांत येते : मानेसह डोके, पुढचे धड, मागचे धड, आणि छातीच्या ठिकाणी बसणारा ठोकळा, जो झिजला की काढून नवा घालता येतो. भाग एकमेकांत खाचांनी अडकतात आणि चारही पायांतून लोखंडी सळया जमिनीत जातात. आमच्याकडची जमीन पावसाळ्यात चिखलाची आणि उन्हाळ्यात दगडासारखी असल्याने सळया ठोकण्यापेक्षा जाड फळीवर छिद्रे पाडून त्यात हरीण उभे करणे सोयीचे पडले. त्यामुळे ते हवे तसे फिरवता येऊ लागले, आणि पुढे सांगणार आहे तो सारा धडा या फिरवण्यामुळेच शिकता आला. आकार अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा आहे. त्याचा बांधा आपल्या चितळाला बराच जवळचा आहे. हे चितळही तिकडे अपरिचित नाही : १८६० च्या दशकात ते हवाई बेटांवर नेऊन सोडले गेले, पुढे टेक्सासमध्येही वाढले, आणि दोन्हीकडे त्याची शिकार कायदेशीर आहे.

थ्रीडी हा प्रकार जागतिक धनुर्विद्या महासंघाने मान्य केलेला खेळ आहे आणि त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००३ मध्ये फ्रान्समधील सुली-सुर-लोआर येथे झाली. त्यात प्राण्याच्या अंगावरील सर्वांत आतल्या छोट्या वर्तुळाला ११, त्याभोवतीच्या वर्तुळाला १०, मर्मस्थानाच्या मोठ्या भागाला ८ आणि उरलेल्या अंगाला ५ गुण मिळतात. बाण नुसत्या शिंगाला किंवा खुराला लागला तर गुण नाही. अंतर सांगितले जात नाही. कंपाउंड म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याला ते ४५ मीटरपर्यंत आणि बाकीच्या प्रकारांना ३० मीटरपर्यंत असू शकते. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडचे सुवर्ण जिंकले आणि बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवले, तेव्हापासून आमच्या मुलांचे सारे लक्ष ५० मीटरवरील ८० सेंटिमीटरच्या कागदाकडे लागले आहे. त्या कागदावरचा दहाचा गोल ८ सेंटिमीटरचा असतो. हरणाच्या फुप्फुसांचा भाग त्याच्या दुपटीहून मोठा असल्याने मुलांना आरंभी हे काम सोपे वाटले. अंतर स्वतः ओळखायचे आहे हे कळल्यावर आणि पहिले काही बाण हरणाच्या पाठीवरून मागच्या तणसाच्या थप्पीत गेल्यावर तो समज गेला.

शरीररचनेच्या बाबतीत लक्ष्य आडवे उभे असेल तोवर प्रामाणिक आहे. हरणाचे हृदय छातीच्या अगदी तळाशी, पुढच्या पायाच्या कोपराच्या पातळीवर असते. फुप्फुसे त्याच्या वर आणि मागे पसरलेली असतात, त्यांच्यामागे श्वासपटल, त्याला लागून यकृत, आणि मग रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराचा मोठा कोठा, जो डाव्या बाजूला अधिक जागा व्यापतो. खांद्याचे पाते वरून खाली उतरताना पुढे झुकते आणि तेथून दंडाचे हाड मागे वळून कोपराकडे येते. या दोन हाडांच्या कोनाचे टोक छातीच्या पुढच्या बाजूला असते, त्यामुळे कोनाच्या मागे फुप्फुसांचा बराच भाग फक्त फासळ्यांच्या आड असतो. म्हणूनच आडव्या उभ्या हरणावर पुढच्या पायाच्या किंचित मागे आणि छातीच्या खालच्या रेषेपासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरावा, असे तिकडचे सर्व जाणकार सांगतात. लक्ष्यावरील अकराचे वर्तुळ नेमके याच जागी आहे.

उंचीच्या बाबतीत लक्ष्य मुलांना जे शिकवते ते मला विशेष मोलाचे वाटते. कणा पाठीच्या वरच्या रेषेला लागूनच जातो अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात खांद्यापाशी तो बराच खाली असतो, कारण तेथील मणक्यांना वर लांब काटे असतात आणि पाठीचा उंचवटा त्या काट्यांचा व मांसाचा असतो. उंच लागलेला बाण या मांसातून आरपार जातो, शिकाऱ्याला तो छातीत लागल्यासारखा दिसतो, आणि हरीण मात्र पळून जाते. फुप्फुसे आणि कणा यांच्यामध्ये एक रिकामी पोकळी असते आणि तिच्यातून बाण काही न भेदता जातो, असे तिकडचे काही शिकारी अजूनही मानतात. अशी पोकळी नसते. फुप्फुसे वर कण्यालाच टेकलेली असतात. लक्ष्य घडवणाऱ्याने आठ गुणांच्या भागाची वरची कड मुद्दाम खाली ठेवली आहे, आणि त्यामुळे पाठीच्या जवळ लागलेल्या बाणाला पाचच गुण मिळतात. ही योजना शरीररचनेशी इमान राखून केलेली आहे.

लक्ष्य फळीवर फिरवले की अडचण सुरू होते. वर्तुळ कातडीवर कोरलेले असते आणि बाणाचे खरे काम कातडीच्या आत असते. बंदुकीची गोळी मोठ्या आघाताने मारते. बाणाचे पाते कापत जाते, आणि मरण रक्तस्रावाने व फुप्फुसे मिटल्याने येते. त्यामुळे बाण कोठे शिरला यापेक्षा तो कशाकशातून गेला आणि पलीकडे कोठे निघाला याला महत्त्व असते. हरीण पाठमोरे तिरके उभे असेल, म्हणजे त्याचे तोंड आपल्यापासून दूर वळलेले असेल, तर नेम पलीकडच्या पुढच्या पायावर धरायचा असतो, आणि तसे केल्यास बाण अलीकडच्या बाजूला वर्तुळाच्या बराच मागे, शेवटच्या फासळ्यांच्या आसपास शिरतो. खेळाच्या नियमाने हा बाण पाच गुणांचा. शिकारीच्या हिशेबाने तो सर्वांत चांगल्या बाणांपैकी एक, कारण तो यकृताच्या कडेवरून दोन्ही फुप्फुसांत जातो आणि वाटेत खांद्याचे हाड आडवे येत नाही.

याच्या उलट स्थितीचा प्रसंग आमच्याकडे घडला तो सविस्तर सांगतो. हरीण आमच्याकडे तिरके तोंड करून उभे केले होते. नववीतील एका मुलीने साधारण २० मीटरवरून बाण सोडला आणि तो अलीकडच्या खांद्यामागे, दहाच्या वर्तुळात रुतला. "सर, दहा तं लागले नं!" असे ती आनंदाने म्हणाली, आणि गुणपत्रिकेवर ते दहाच होते. मी तिला बांबूची एक लांब कमची दिली आणि ती बाणाच्या अगदी बाजूला, त्याच रेषेत, हरणाच्या अंगावरून धरायला सांगितली. दुसऱ्या मुलाने पलीकडे उभे राहून कमचीचे टोक जेथे पोहोचत होते तेथे खडूने खूण केली. खूण पलीकडच्या मागच्या मांडीच्या थोडी पुढे, पोटावर पडली. मुलगी कमची धरून काही वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "म्हंजे हा पोटात गेला." तिने स्वतःच वहीत दहाच्या पुढे कंसात 'पोट' असे लिहिले. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक तिरक्या लक्ष्यावर दोन नोंदी होतात, एक गुणांची आणि एक कमचीच्या खुणेची, आणि मुले दुसऱ्या नोंदीसाठी अधिक वाद घालतात. निर्मात्याने पलीकडच्या बाजूलाही काही खुणा कोरल्या असत्या, किंवा छातीच्या ठोकळ्यात आरपार पाहता येईल अशी एखादी सोय केली असती, तर हे काम बांबूच्या कमचीवर पडले नसते. इतक्या महाग वस्तूत ही उणीव मला खटकते.

समोरून तोंड करून उभ्या असलेल्या हरणावर धनुष्याने बाण सोडू नये, असे तिकडचे शिकारी-शिक्षण सांगते. छातीचे हाड, खांदे आणि अरुंद मार्ग यांमुळे चूक होण्याची शक्यता फार असते. आमच्या लक्ष्याच्या छातीवर मात्र समोरून दिसणारे एक छोटे वर्तुळ कोरलेले आहे. ते नसते तर बरे झाले असते. झाडावरच्या मचाणावरून खाली बाण सोडताना कोन तीव्र होतो आणि दोन्ही फुप्फुसे एका रेषेत येणे कठीण होते. अशा वेळी बाण थोडा वर शिरून पलीकडे खाली निघेल असा नेम धरायचा असतो. आम्ही हे शाळेच्या गच्चीवरून करून पाहिले आणि कमचीच्या खुणेने ते मुलांना पटकन समजले.

फोमचे हरीण एक गोष्ट कधीच शिकवू शकत नाही, आणि ती म्हणजे जिवंत हरणाची हालचाल. कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने जातो असे धरू; आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास आहे. ३० मीटरवर उभ्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्यात पोहोचतो आणि बाणाला मात्र एक तृतीयांश सेकंदाहून अधिक वेळ लागतो. मधल्या पाव सेकंदात सावध हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली झुकते, आणि छातीवर सोडलेला बाण कण्यावर किंवा त्याच्याही वर जातो. चितळ या बाबतीत फार चपळ म्हणून तिकडे प्रसिद्ध आहे. अनुभवी शिकारी जवळच्या अंतरावर, सावध नसलेल्या जनावरावरच बाण सोडतात आणि नेम थोडा खाली ठेवतात, याचे कारण हेच. लक्ष्याच्या जाहिरातीत 'खऱ्या शिकारीचा अनुभव' असे शब्द आहेत, ते या एका कारणाने मान्य करता येत नाहीत.

आता पुस्तिकेकडे वळतो, कारण खोक्यातील सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते तीच आहे. बाण लागल्यानंतर हरीण कसे शोधावे यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग आहे. बाण सुटला की जागचे हलू नये, हे तिचे पहिले सांगणे. हरीण कोठे उभे होते, बाण कोठे लागल्यासारखा दिसला, हरणाने मागचे पाय झाडले की पाठ कमानीसारखी करून ते संथ चालत गेले, शेवटी ते कोणत्या झाडाजवळून दिसेनासे झाले, हे सारे तेथेच उभे राहून मनात पक्के करायचे. पाय झाडून जोराने पळालेले हरीण बहुधा छातीत लागलेले असते. पाठ वाकवून हळू जाणारे हरीण बहुधा पोटात लागलेले असते. मग बाण शोधायचा आणि तो वाचायचा. गुलाबी, फेसाळ, बारीक बुडबुडे असलेले रक्त फुप्फुसांचे. गडद तांबूस, जाडसर रक्त यकृताचे. हिरवट-तपकिरी ओल, चाऱ्याचे कण आणि आंबूस वास असेल तर बाण जठरातून गेलेला आहे. पडलेले केसही बोलतात : पोटाखालचे केस पांढरे असतात, पाठीवरचे लांब, राठ आणि टोकाला गडद.

त्यावरून किती थांबायचे ते ठरते. दोन्ही फुप्फुसे भेदली गेली असतील तर हरीण बहुधा शंभर-दीडशे मीटरच्या आतच पडते, तरीही अर्धा तास थांबण्याची शिस्त आहे. यकृतात लागले असेल तर चार तास किंवा अधिक, आणि जठरात लागले असेल तर आठ ते बारा तास थांबायचे. कारण सरळ आहे. पोटात लागलेले हरीण छेडले नाही तर थोड्या अंतरावर दाट झुडपात बसते आणि तेथेच मरते. लगेच मागे लागले तर ते उठून दूर जाते, रक्ताचा माग तुटतो, आणि ते कोठेतरी सापडू न शकेल अशा जागी यातना भोगत मरते. माग काढताना रक्ताच्या थेंबांवरून चालायचे नाही, बाजूने चालायचे. प्रत्येक खुणेवर कागदाची पट्टी बांधायची, म्हणजे मागे वळून पाहिल्यावर पळण्याची दिशा एका रेषेत दिसते. माग तुटला की शेवटच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करायची, आणि तेही साधले नाही तर जमिनीचे पट्टे पाडून एकेक पट्टा तपासायचा. अमेरिकेतील अनेक राज्यांत दोरीने बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेण्यास परवानगी आहे, आणि युरोपात तर या कामासाठी खास जातीचे कुत्रे तयार केलेले आहेत. पुस्तिकेत एक वाक्य ठळक छापलेले नाही, पण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले : माग काढण्याची तयारी, वेळ आणि उजेड नसेल तर बाण सोडायचाच नाही.

या भागात एक त्रुटी आहे. थांबण्याचे तास थंड प्रदेशाला धरून दिलेले आहेत आणि उष्ण हवेत मांस लवकर खराब होते, तेव्हा काय करावे, याबद्दल दोनच ओळी आहेत. पाऊस येऊन माग धुतला जाणार असेल तर काय, हा प्रश्नही उरकून टाकला आहे. अंतरे यार्डांत आहेत, त्यामुळे मुलांना प्रत्येक ठिकाणी हिशेब करावा लागतो.

आमच्या मैदानावर शिकार होत नाही, तरी या प्रकरणाचा आम्ही पुरेपूर उपयोग केला. बाण चुकून लक्ष्याच्या मागे गेला की मुले पूर्वी धावत सुटत आणि गवत तुडवत शोधत. आता बाण सोडणाऱ्याने जागेवर उभे राहून तो कोणत्या रेषेत गेला ते सांगायचे, एकाने त्या रेषेत जाऊन खूण रोवायची, आणि मग पट्टे पाडून शोध घ्यायचा, अशी पद्धत आहे. धान कापल्यानंतरच्या धसकटांत बुडालेले बाण या पद्धतीने बहुधा सापडतात. दुसरा उपयोग अधिक गंभीर आहे. रस्त्यावर गाडीने उडवलेले किंवा कुत्र्यांनी फाडलेले चितळ गावाजवळ दिसले की लोक गर्दी करून त्याच्या मागे धावतात, पकडून आणतात, पाणी पाजतात. भेदरलेले, पळवलेले हरीण अनेकदा जखमेपेक्षा त्या धावपळीच्या ताणानेच मरते. स्नायूंचा नाश होऊन येणारा हा मृत्यू पशुवैद्यांना चांगला ठाऊक आहे. पुस्तिकेतील थांबण्याचा नियम समजावून सांगताना मी मुलांना हेही सांगतो, की असे हरीण दिसल्यास दूर राहावे, कुत्रे आणि माणसे हटवावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धनुर्विद्येच्या साहित्यातून हे शिकवता येईल असे मला आधी वाटले नव्हते.

फोमच्या टिकाऊपणाविषयी. आमच्या मुलांपैकी काही बांबूच्या धनुष्याने इंडियन राउंड हा देशी प्रकार खेळतात, काही रिकर्व्ह म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य वापरतात आणि थोडे कंपाउंड. बांबूच्या धनुष्याचा बाण या फोममध्ये फार रुतत नाही आणि सहज निघतो. कंपाउंडचा कार्बनचा बाण मात्र खोल जातो, घर्षणाने तापतो आणि फोम त्याला चिकटतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना दुपारी एक बाण काढायला दोन मुले लागत आणि बाणावर वितळलेल्या फोमचा काळा थर येई. उपाय दोन सापडले. बाणाच्या पुढच्या भागावर अंघोळीच्या कोरड्या साबणाची वडी फिरवायची, आणि उन्हाळ्यात सराव सकाळी नऊच्या आत संपवायचा. बाण काढताना एक हात लक्ष्यावर दाबून दुसऱ्याने सरळ मागे ओढावा. वाकवून ओढल्यास कार्बन तडकतो आणि तडकलेला बाण पुढच्या वेळी सोडताना हातात फुटू शकतो, म्हणून काढलेला प्रत्येक बाण वाकवून आवाज ऐकण्याची सवय लावलेली आहे.

छातीचा ठोकळा अपेक्षेप्रमाणे सर्वांत आधी झिजला. भोके आपोआप मिटतात असे निर्मात्याचे म्हणणे आहे, आणि सुरुवातीला ते खरेही ठरते. नंतर अकराच्या वर्तुळाभोवतीचा भाग भुसभुशीत होतो आणि बाण मागे जाऊ लागतो. आम्ही ठोकळा उलटा बसवून त्याचे आयुष्य वाढवले. उन्हाने पाठीचा रंग फिका झाला आणि कानाचा फोम चुरा होऊ लागला, म्हणून लक्ष्यावर आता वापर नसताना जुने ताडपत्रीचे आच्छादन असते. पावसाळ्यात ते शाळेच्या खोलीत ठेवले तर उंदरांनी एक खूर कुरतडला. खुराला गुण नसल्याने खेळात फरक पडत नाही, तरी ठेवताना जमिनीपासून वर टांगून ठेवावे. मागे तणसाची थप्पी किंवा मातीचा बांध असणे अनिवार्य आहे, आणि त्यामागून कोणतीही पायवाट जाता कामा नये.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल मात्र फार चांगले लिहिता येत नाही. खोके गोंदियापर्यंत ट्रान्सपोर्टने आले आणि तेथून गावापर्यंत आणण्याची व्यवस्था आम्हालाच करावी लागली, हे समजण्यासारखे आहे. सळया मात्र खोक्यात नव्हत्या, आणि त्यांची चौकशी केल्यावर त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात असे कळवण्यात आले. गावातील लोहाराने त्या करून दिल्या आणि त्या अधिक मजबूत निघाल्या. बदलायचा ठोकळा मागवला असता तो परदेशातून येईपर्यंत थांबा असे उत्तर मिळाले. किंमत शिकाऊ रिकर्व्हच्या एका पूर्ण संचाच्या घरात जाते. एकट्या खेळाडूने हे लक्ष्य घ्यावे असे मी सांगणार नाही. ज्याला फक्त पवित्रा आणि रिलीज, म्हणजे दोरी सोडणे, पक्के करायचे आहेत त्याला तणसाचा किंवा थरांच्या फोमचा साधा बट्रेस, म्हणजे बाण अडवणारा ठोकळा, पुरतो. शाळा, तालुका केंद्र किंवा चार गावांचे मिळून एखादे मंडळ असेल, आणि शिकवणारा लक्ष्य फिरवून कोन समजावण्याची तसदी घेणार असेल, तर खर्च योग्य ठरतो. मागणी नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : सळया किमतीत धरलेल्या आहेत का, छातीचा ठोकळा देशात साठ्यात आहे का, आणि जास्तीत जास्त किती ड्रॉ वेटच्या, म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागणाऱ्या, धनुष्याचा बाण तो फोम अडवतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पाउंडांत मिळाले आणि ते आमच्या कंपाउंडच्या बाबतीत बरोबर निघाले.